होटगी रोडला समुद्र नेला तेव्हा

मी सोलापुरात खाऱ्या पाण्यातले मासे सांभाळायचं काम करते असं सांगितलं की माणसं आधी माझ्याकडे बघतात आणि मग वर उन्हाकडे. त्यांचं काही चुकत नाही. आमच्याकडे नळाला पाणी रोज येत नाही, आणि जे येतं ते घरच्यांना पुरलं तरी आम्ही खूश असतो. अशा गावात मीठ कालवून समुद्र तयार करायचा आणि तो लोकांच्या हॉलमध्ये जिवंत ठेवायचा, हा उद्योग मी पंचवीस-सव्वीस वर्षं केला. आता दुकान भाचीकडे सोपवलंय. मी फक्त कुणी अडलं तर जाते.

सुरुवात माझे यजमान व्यंकटेश यांच्यामुळे झाली. सासरे मागावर चादरी विणायचे, पण यांचं मन धाग्यात रमलं नाही. हे काच कापायला शिकले. कपाटांची दारं, दुकानांचे शोकेस असं काम चालायचं. एकदा एका हॉटेलवाल्यानं माशांची टाकी करून मागितली. टाकी झाली, मासे आले आणि आठ दिवसांत सगळे मेले. हॉटेलवाला भांडायला घरी आला, "तुमच्या काचेतच दोष आहे." यांना ते इतकं लागलं की दोन दिवस नीट जेवले नाहीत. मी तेव्हा एका कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर होते. फॉर्मलिनमधल्या माशांच्या बरण्या पुसणं हे माझं काम. मेलेल्या माशांना काही लागत नाही, पण जिवंत माशांबद्दल सरांच्या तोंडून खूप ऐकलेलं होतं. मी म्हटलं, "काचेत दोष नाही, पाण्यात आहे. बघू द्या मला." तेव्हापासून टाकी त्यांची आणि पाणी माझं. कुठं काही बिघडलं की आमच्या घरात पहिला वाद ठरलेला: काच की पाणी?

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची भेटली. मोडनिंबजवळ हायवेला एक ढाबा होता. तिथल्या टाकीचं पाणी दर आठवड्याला लाल व्हायचं. मी औषधं बदलली, फिल्टर बदलला. शेवटी एक दिवस जेवायला बसून राहिले तेव्हा कळलं, येणारा प्रत्येक ट्रकवाला भाकरीचा तुकडा शेंगाचटणीत बुडवून माशांना घालत होता. ढाबेवाला म्हणाला, "अक्का, खातात की आवडीनं!" मी म्हटलं, "खातात, पण पाण्याला तिखट लागतं." त्यानं टाकीवर पाटी लावली: 'मासे उपवासाला आहेत.' त्या दिवसापासून पाणी स्वच्छ.

पण ही सगळी गोड्या पाण्याची गंमत. खरी परीक्षा खाऱ्या पाण्याची, आणि त्यातही प्रवाळांच्या टाकीची. प्रवाळ दगडासारखे दिसतात, पण ते प्राणी आहेत. सकाळी दिवे लागले की फुलासारखे उघडतात, कुणी डिवचलं की मिटतात. आपल्या समुद्रातल्या प्रवाळांना हात लावायला कायद्यानं बंदी आहे आणि ती असलीच पाहिजे. मी फक्त रीतसर कागदपत्रांसह बाहेरून आलेले, टाकीतच वाढवलेले तुकडे घ्यायची. त्यांना पाण्यातलं मीठ, उष्णता, उजेड सगळं मोजून लागतं. आणि सगळ्यांत जास्त लागतं ते जुनं पाणी. जुनं म्हणजे शिळं नव्हे. नव्या टाकीत माशांची घाण विष होऊन साचते. ती पचवणारे सूक्ष्म जीव दगडांवर वाढायला दीड-दोन महिने लागतात. तोवर टाकी नुसती दगड-पाण्याची दिसते आणि मालकाचा जीव कासावीस होतो. आमच्या धंद्यात कौशल्य थोडं आणि थांबणं फार.

हे मला ठाऊक होतं, तरी एकदा मी थांबले नाही. बँकेतले एक साहेब होते, शांत गृहस्थ. त्यांच्या छोट्या टाकीत प्रवाळ दाटले होते. त्यांनी विचारलं, "अक्का, मोठी टाकी आत्ता घेऊ की बदलीची यादी लागल्यावर?" मला मोठी टाकी विकायची होती. म्हटलं, "घ्या हो, बदलीचं काय, होईल तेव्हा होईल." चार महिन्यांनी यादी लागली. जी टाकी नुकती कुठं स्थिरावत होती ती पुन्हा उपसली. नव्या गावी आठवडाभरात काही उरलं नाही. साहेब एकदा सोलापुरात आले तेव्हा दुकानात डोकावले. भांडले नाहीत. एवढंच म्हणाले, "तुम्ही थांबा म्हणाला असता तर मी थांबलो असतो." ते वाक्य मला अजून बोचतं.

म्हणूनच महानंदाताईंनी तोच प्रश्न विचारला तेव्हा मी लगेच उत्तर दिलं नाही.

महानंदाताई म्हणजे मार्केट यार्डातले डाळींचे व्यापारी शिवशरण अण्णा यांच्या पत्नी. मूळ अक्कलकोटकडच्या, घरात कन्नड, बाहेर मराठी. पंचेचाळिशीत नातेवाइकांबरोबर अंदमानला गेल्या, तिथं काचेच्या तळाच्या बोटीतून त्यांनी पाण्याखालचे प्रवाळ पाहिले आणि परत आल्यावर सरळ माझ्या दुकानात येऊन म्हणाल्या, "मला ते घरात पाहिजे." अण्णांना वाटलं, महिनाभरात विसरेल. त्या नऊ वर्षं विसरल्या नाहीत. रोज सकाळी पाण्याची उष्णता आणि क्षारता वहीत लिहायच्या. चार फुटांची टाकी व्यंकटेशनी केलेली. तिच्यात नारिंगी-पांढऱ्या क्लाऊन माशांची जोडी होती, अकरा मासे सगळे मिळून, आणि हातोडीसारख्या टोकांचा एक मोठा हिरवा प्रवाळ, ज्याला आम्ही हॅमर म्हणतो. तो सुपारीएवढा आणला होता, आता परातीएवढा झाला होता आणि शेजाऱ्यांना डंख मारत होता.

अण्णा होटगी रोडला बंगला बांधत होते. जानेवारीत ताईंनी मला बोलावलं. म्हणाल्या, "अक्का, माझी मुलं दाटीवाटीनं राहायला लागलीत. मोठी टाकी आत्ता इथंच करू, की नव्या घरात गेल्यावर? का ही टाकी आधी तिकडं नेऊ आणि मग बघू?"

अण्णा बाजूलाच होते. "त्यात काय विचारायचं? सहा फुटांची टाकी करायची, हॉलमध्ये मधोमध. वास्तुशांतीला सगळं यार्ड येणार आहे. दारातून आत आल्याबरोबर समुद्र दिसला पाहिजे!"

मी टाकीभोवती फिरले आणि मागच्या खालच्या कोपऱ्यात मला मिठाची पांढरी रेघ दिसली. केसाएवढी. खाऱ्या पाण्याच्या टाकीत अशी रेघ म्हणजे जोडातून पाणी पाझरतंय. घरी येऊन सांगितलं तसे व्यंकटेश उठून उभे राहिले.

"माझा जोड सुटणार नाही."

"सुटला म्हणत नाही मी. पाझरतोय म्हणते."

"पाण्यात काहीतरी टाकलं असशील तू."

दुसऱ्या दिवशी त्यांनी बॅटरी लावून कोपरा बघितला. रेघेवरून नख फिरवून पाहिलं. मग म्हणाले, "आतून सिलिकॉन भरायचं तर टाकी रिकामी करावी लागेल. रिकामीच करायची तर नवीनच करू. उद्या करू. माझ्या हातची टाकी लोकांच्या घरात गळते हे मला सोसणार नाही."

म्हणजे अण्णांना वास्तुशांतीसाठी मोठी टाकी हवी होती, आमच्या यजमानांना अब्रूसाठी ताबडतोब नवी हवी होती, आणि ताईंना फक्त आपले जीव जगायला हवे होते. आत्ता टाकी बदलली असती तर चार महिन्यांत ती पुन्हा हलवावी लागली असती. एका वर्षात दोनदा उपसा त्या प्रवाळांना सोसला नसता. जुनी टाकी तशीच उचलून नेली असती तर पाझरणारा जोड रस्त्यातच गेला असता. मी दोन दिवस विचार केला आणि ताईंकडे जाऊन सांगितलं, "आत्ता काही बदलायचं नाही. मोठी टाकी नव्या घरातच करायची, तिथं पाणी रिकामंच चालवून जुनं करायचं. ते पिकलं की एकाच सकाळी सगळ्यांना हलवायचं, पुन्हा हात लावायचा नाही. तोपर्यंत ही टाकी धरून ठेवायची."

"आणि ही फुटली तर?"

"फुटली तर माझा निर्णय चुकला."

ताईंनी माझ्याकडे बघितलं. "चालेल," म्हणाल्या. एवढंच.

व्यंकटेशनी लोखंडी अँगलची चौकट करून टाकीला चारी बाजूंनी आवळली, काचेला लागू नये म्हणून मध्ये रबराच्या पट्ट्या घातल्या. टाकी अगदी हात मोडून गळ्यात बांधल्यासारखी दिसायला लागली. आलेला पाहुणा विचारायचा, हिला काय झालंय? मी दर आठवड्याला जाऊन रेघेवर पेन्सिलीनं खूण करायची.

बंगला महाशिवरात्रीला तयार होणार होता. महाशिवरात्र गेली तेव्हा फरशीला पॉलिशसुद्धा झालं नव्हतं. मार्च संपता संपता हॉल मिळाला. सहा फुटांची टाकी त्या दारातून जाणार नव्हती, म्हणून व्यंकटेशनी काचा आत नेऊन तिथंच जोडल्या. मी आरओचं पाणी ड्रमा-ड्रमांनी भरलं, मीठ कालवलं, नवे दगड रचले आणि जुन्या टाकीतले दोनच दगड विरजणासारखे आणून ठेवले. पाणी फिरायला लागलं. माशांची घाण नव्हती, म्हणून त्या सूक्ष्म जीवांसाठी मी रोज चिमूटभर खाणं कुजायला टाकायची. आता फक्त दीड महिना थांबायचं.

तीन आठवडे झाले आणि एका सकाळी जाऊन बघते तर पंप बंद. वायरमननं जिन्याच्या दिव्याचं काम करायला मेन स्विच पाडला आणि दोन दिवस तसाच ठेवून गेला होता. पाणी थांबलं की ते सूक्ष्म जीव गुदमरतात. तीन आठवड्यांतलं बरंचसं पाण्यात गेलं, अक्षरशः. मी वायरमनला फोन केला. तो म्हणाला, "आतमध्ये मासे कुटं हायत मॅडम? नुसतं दगडच हायत की!" त्याला काय समजावणार?

वास्तुशांतीचा मुहूर्त मे महिन्यातला. आदल्या दिवशी मी पाण्याची परीक्षा केली. नळीत पाणी घ्यायचं, औषधाचे थेंब टाकायचे, पाच मिनिटं थांबायचं. पाणी निळं राहिलं तर विष नाही. जांभळं झालं तर आहे. माझ्या डोळ्यांदेखत ते जांभळं झालं.

अण्णा मागेच उभे होते. "काय झालं?"

"अजून नाही, अण्णा. आणखी दहा-बारा दिवस."

"दहा-बारा? उद्या चारशे माणूस जेवायला आहे!"

"माणसांना जेवू द्या. माशांना आणता येणार नाही."

अण्णा चिडले. यार्डात त्यांचा शब्द कुणी खाली पडू देत नाही. "एवढी मोठी टाकी आणि आत दगड? लोक हसतील मला. चार मासे तरी सोड. दिसण्यापुरते."

"चारही मरतील. तुमच्या पाहुण्यांसमोर मरतील."

ते रागानं बाहेर निघून गेले. खरं सांगते, मला भीती वाटली. मी चुकले तर इकडची टाकी तयार नाही आणि तिकडची गळतेय. दोन्हीकडून गेले असते. बँकेतल्या साहेबांचा चेहरा डोळ्यांसमोर आला. पण नळीतलं पाणी जांभळं होतं आणि ते मी निळं म्हणू शकत नव्हते.

दुसऱ्या दिवशी सगळं यार्ड आलं. दारातून आत येणारा प्रत्येक जण टाकीसमोर थांबायचा आणि वाकून बघायचा. दगडांवर तपकिरी शेवाळ आलेलं होतं. एक व्यापारी मोठ्यानं म्हणाला, "अण्णा, मासे उधारीवर घेतलेत का? अजून माल पोचला नाही?" सगळे हसले. अण्णांचा चेहरा पडला. तेवढ्यात हिरव्या इरकलीतल्या महानंदाताई पुढे आल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "घराचा मुहूर्त आज होता, आम्ही आलो. त्यांचा मुहूर्त अजून निघायचाय. निघाला की येतील." मग शांतपणे वाढायला लागल्या.

जेवणं झाल्यावर त्यांनी पिशवी भरली. एक सतरंजी, दोन साड्या, वही.

"कुठं निघालीस?" अण्णांनी विचारलं.

"जुन्या घरी. टाकी एकटी आहे."

"वास्तुशांतीच्या दिवशी घरची बाई जुन्या घरी झोपणार?"

"त्या टाकीचा जोड कधी जाईल सांगता येत नाही. कुणीतरी पाहिजे ना तिथं?"

त्या गेल्या. सगळं सामान हललेलं, भिंतींवर फोटोंचे चौकोनी डाग, मधोमध ती लोखंडात आवळलेली टाकी आणि तिच्यासमोर सतरंजी. पहिले दोन दिवस अण्णा डबा पोचवायला यायचे आणि उभ्या उभ्या परत जायचे. तिसऱ्या दिवशी मी गेले तेव्हा ते सतरंजीवर बसलेले. चौथ्या दिवशी त्यांची उशी आलेली दिसली. अण्णाच आपणहून म्हणाले, "नव्या घरात एकट्याला झोप लागत नाही हो." मग जरा वेळानं टाकीकडे बोट दाखवून म्हणाले, "तो पिवळा मासा सकाळपासून त्या दगडाभोवती गस्त घालतोय. रोज असंच करतो काय?"

ताई म्हणाल्या, "नऊ वर्षं करतोय."

"मी बघितलंच नाही कधी," अण्णा म्हणाले.

नवव्या दिवशी पहाटे, नुकतं उजाडत असताना अण्णांचा फोन आला. "अक्का, पाणी येतंय! फरशी ओली झालीय!"

"धार आहे की थेंब?"

"धार. बारीक."

पाणी जेवढं उंच, तेवढा खालच्या जोडावर दाब जास्त. म्हणून पाणी उतरवायचं. मी फोनवरच सांगितलं, "टाकीत पाइप सोडा, दुसरं टोक ड्रममध्ये. तोंडानं ओढून पाणी सुरू करा. वरचं निम्मं पाणी काढा, पण ते फेकू नका, लागणार आहे. वाळूला हात लावू नका."

पलीकडून खाकरण्याचा, थुंकण्याचा आवाज आला. मग अण्णांचा आवाज: "थू! केवढं खारट आहे हे!" आणि पाठोपाठ पाणी ड्रममध्ये पडल्याचा आवाज.

व्यंकटेशना मी जुन्या घरी पाठवलं आणि स्वतः रिक्षानं होटगी रोड गाठला. मासे हलवायचे तर आधी नवी टाकी काय म्हणते ते कळायला हवं होतं. आदल्या दिवशी रंग निळा-जांभळा, मधलाच आला होता. नळीत पाणी घेतलं, थेंब टाकले आणि पाच मिनिटं मी त्या मोकळ्या हॉलमध्ये नळी धरून उभी राहिले. माझ्या अख्ख्या नोकरी-धंद्यात एवढी लांब पाच मिनिटं मला आठवत नाहीत. दारात नेऊन उजेडात धरली. निळं. पुन्हा दुसऱ्या नळीत केलं. निळं. आकाशासारखं स्वच्छ निळं.

मी फोन लावला. "ताई, मुहूर्त निघाला. आणा सगळ्यांना."

मे महिन्याचं सोलापूर. दहानंतर रस्त्यावर पाण्याची बादली ठेवली तरी चहा होईल. सगळी ने-आण त्याआधी उरकायला हवी होती. मी त्याच रिक्षानं जुन्या घरी परतले. अण्णांनी यार्डातून टेम्पो आणि चार हमाल बोलावले. त्यांचा मुकादम बसप्पा. आयुष्यभर क्विंटलची पोती पाठीवर वाहिलेला माणूस. थर्माकोलच्या पेटीत मिटलेला हॅमर प्रवाळ बघून तो अडखळला.

"ह्यो काय माल हाय?"

ताई म्हणाल्या, "जिवंत आहे. हिंदकळायला नको."

"लई नाजूक दिसतंय की," बसप्पा म्हणाला. मग त्यानं आपला डोक्याचा पटका सोडला, त्याची चुंबळ केली, पेटीखाली ठेवली आणि टेम्पोत स्वतः ती पेटी मांडीवर घेऊन बसला. ड्रायव्हरला म्हणाला, "खड्डा आला तर उतरून ढकलीन, पण तू हळू चल."

दहा मासे पेट्यांत आले, अकरावा सापडेना. छोटा, वाळूत बीळ करून राहणारा. टाकीत वीतभर पाणी उरलं होतं. ताई म्हणाल्या, "तो सापडल्याशिवाय मी निघणार नाही." घड्याळ पुढं चाललं होतं. मी म्हटलं, पेट्या पुढं पाठवा. व्यंकटेश टाकीच्या काठावर वाकले, हातानं दगड एकेक उचलून बघत राहिले. शेवटच्या दगडाच्या भोकात दोन डोळे दिसले. तो दगडाला चिकटून बसला होता. दगडासकट उचलला आणि बादलीत ठेवला. व्यंकटेश म्हणाले, "याला घर सोडायचं नव्हतं."

होटगी रोडला पोचून आम्ही घाई केली नाही. पेट्यांतलं पाणी आणि टाकीतलं पाणी थोडं थोडं मिसळत गेलो, पाइपातून थेंब थेंब. ताईंनी वहीत आधीच नकाशा काढून ठेवला होता, कोण कुठं बसणार. भांडखोर हॅमर एका टोकाला एकटा, त्याच्याभोवती हातभर मोकळी जागा. नाजूक प्रवाळ वर, उजेडाजवळ. लग्नात रुसव्या-फुगव्याच्या नातेवाइकांना बसवतात तसं. त्या कोपरापर्यंत हात पाण्यात घालून एकेक दगड ठेवत होत्या आणि अण्णा खालून टॉवेल धरून उभे होते. साडेअकराला शेवटचा प्रवाळ ठेवला. मासे सोडले. अकरा मोजले. पुन्हा मोजले. अकराच.

संध्याकाळी व्यंकटेश पाणसळ घेऊन जुन्या घरी गेले. रिकामी टाकी सरकवून त्यांनी जमीन तपासली आणि मला फोन केला. आवाज एकदम वीस वर्षांनी तरुण. "जोड माझा नव्हता! कोपऱ्यातली फरशी बोटभर खचलीय. स्टँड तिरका झाला, काच ताणली गेली. माझ्या जोडानं चार महिने ओढून धरलं सगळं!"

"म्हणजे काचही नाही आणि पाणीही नाही," मी म्हटलं.

"जमीन!" ते म्हणाले आणि हसत सुटले.

तरी मी एवढ्यात खूश व्हायला तयार नव्हते. मासे पोहतात, लगेच कळतं. पण प्रवाळ रुसले की दिवसेंदिवस मिटून बसतात आणि मिटलेल्या अवस्थेतच संपतात. पहिल्या दिवशी सगळे मिटलेले. दुसऱ्या दिवशी एक उघडला, पैशाएवढा गुलाबी. अण्णांचा सकाळी आठला फोन: "गुलाबी उघडलं." तिसऱ्या दिवशी दोन. अण्णा यार्डात जायचे, तासाभरानं परत यायचे. हॅमर मात्र दगडासारखा बंद. ताई वहीत फक्त तारीख आणि पुढं 'नाही' लिहीत होत्या. मी पाणी रोज तपासत होते. पाण्यात दोष नव्हता, आणि करण्यासारखंही काही नव्हतं.

सहाव्या दिवशी फोन आलाच नाही. आठ वाजले, नऊ वाजले. मला राहवेना. आम्ही दोघं स्कूटरवर होटगी रोडला गेलो. दार उघडंच होतं. हॉलमध्ये टीव्ही बंद, पंखा हळू. अण्णा टाकीसमोर जमिनीवर बसले होते आणि आमची चाहूल लागताच त्यांनी वळून तोंडावर बोट ठेवलं.

ताई काचेला कपाळ टेकून बसल्या होत्या. आत, त्या मोकळ्या जागेत, हॅमर उघडला होता. जुन्या टाकीत मी तो नऊ वर्षं पाहिला होता, पण एवढा कधीच नाही. आजूबाजूला कुणाची अडचण नाही म्हटल्यावर त्यानं आपली शेकडो हिरवी टोकं पसरली होती, पाण्याबरोबर डोलत होती, परातीएवढा होता तो सुपाएवढा झाला होता. क्लाऊनची जोडी त्याच्यात शिरत होती, बाहेर येत होती, पुन्हा शिरत होती.

अण्णांना हळू बोलायचं होतं, पण यार्डातल्या माणसाला हळू बोलता येत नाही. त्यांचा आवाज सगळ्या घरात घुमला. "बंदवू! एल्ला बंदवू!"

आली. सगळी आली.

महानंदाताईंनी वही उघडली, तारीख लिहिली, आणि पुढच्या रिकाम्या जागेत काय लिहावं ते न सुचून पेन अण्णांच्या हातात दिलं.